पुंजारामचा मग

हेवा या विषयाची परीक्षा कुणी ठेवली असती, तर अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात मी पहिला आलो असतो आणि दुसरा आलेला माणूस माझ्यामागं बारा कोसांवर धापा टाकत असता. हे मी फुशारकीनं सांगत नाही. फुशारकीचे माझे विषय वेगळे आहेत, ते पुढं येतीलच. लोक म्हणतात, पाठक सर थापा मारतात. हे साफ खोटं आहे. मी गोष्टीला थोडं खतपाणी घालतो, इतकंच. पण पुंजाराम मुनेश्वराच्या बाबतीत मला खतपाणी घालायला कधी जागाच मिळाली नाही. तो होता तसाच इतका उंच होता की त्याच्यावर चढवायला माझ्याजवळ शिडी नव्हती. हेव्याचं मूळ तिथंच आहे.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पुसदच्या आमच्या हायस्कुलात मी संस्कृत शिकवत होतो, आणि जर्मन. पुसदला जर्मन कुठून, असं तुम्ही विचाराल. आमच्या हेडमास्तरांचा भाचा पोलादाच्या कारखान्यात लागला होता आणि तिथं सगळी यंत्रं जर्मन होती. भाच्याचं पत्र आलं आणि हेडमास्तरांना साक्षात्कार झाला. "पाठक, पुढची पन्नास वर्षं जर्मनची आहेत. इंग्रजी गेली समजा." मी नागपूरला असताना आमच्या संस्कृतच्या प्राध्यापकांच्या नादानं जर्मनची एक परीक्षा दिली होती. झालं. मी जर्मनचा शिक्षक झालो. गावात मी सांगून ठेवलं होतं की मला स्वप्नंसुद्धा जर्मन पडतात. वस्तुस्थिती अशी होती की बोललेली जर्मन भाषा मी जन्मात ऐकली नव्हती. पण पुसदला ते कोण तपासणार? सात वर्षं वाघाशिवाय मी जंगलचा राजा होतो.

वाघ निघाला तो कापसाच्या गठाणीमागून.

गावातल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी दाबायची नवीन प्रेस आली होती आणि ती बसवायला जर्मन फिटर आला होता. ताडासारखा उंच, तांबडा लाल, आणि भयंकर संतापलेला, कारण कुणाला त्याचं काही कळत नव्हतं. मालकांनी मोटार पाठवून मला बोलावलं. मी कोट घातला. बरोबर हेडमास्तर, निम्मा स्टाफ आणि बघायला दोनशे माणूस. मी पुढं झालो आणि खणखणीत आवाजात जर्मनची विभक्ती म्हणायला सुरुवात केली. काय करणार, तेवढंच पाठ होतं! फिटरनं टोपी काढली आणि मान खाली घातली. त्याला वाटलं, यंत्राची पूजा चाललीय आणि मी भटजी आहे.

माझी तिसरी विभक्ती चालू असताना गठाणीमागून कुणीतरी दोनच वाक्यं बोललं. फिटर गर्रकन फिरला. सरकीच्या धुरळ्यानं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला एक काळा सडपातळ मजूर तिथं उभा होता. तोच पुंजाराम. फिटरनं त्याला मिठीच मारली. मग ते दोघं जे बोलत सुटले ते मला वाटतं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलतच होते. मधून पुंजाराम मालकांना सांगे, "थो मनते का पाया वाकडा हाये. पाया उखडा, नाई त दोन महिन्यात प्रेस लंगडी होते."

पाया उखडला. प्रेस चालली. मी मात्र त्या दिवसापासून लंगडत राहिलो.

हा पुंजाराम लढाईत रस्ते-खंदक खणणाऱ्या पायोनियर पलटणीत गेला होता. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला गेला, तिथून इटलीत, इटलीतून जर्मनीत. तिथं कैद्यांना शेतकऱ्यांकडं कामाला देत. एका म्हातारीच्या गोठ्यात त्यानं पावणेदोन वर्षं गाईंच्या धारा काढल्या. तिचे दोन्ही मुलगे लढाईवर. घरात ती, अकरा गाई आणि हा. त्या बारा जणींकडून तो जर्मन शिकला. परत आला, जिनिंगला लागला, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि या सगळ्याबद्दल गावात एक अक्षर बोलला नाही. मी विचारलं, "अरे, इतकी वर्षं गप्प काहून बसलास?" तर म्हणाला, "कोनाशी बोलू सर? गठानीसंगं?"

आता मला सांगा, माझ्याकडं असलं आयुष्य असतं तर मी गप्प बसलो असतो? मी ते दर शुक्रवारी बाजारात उंटावर बसून सांगितलं असतं!

हेडमास्तरांनी त्याला आठवड्याच्या आत शाळेत घेतलं. पद काढलं 'जर्मन भाषा सहायक', पगार शिपायाचा. मी म्हटलं, "साहेब, याला लिहिता येत नाही." हेडमास्तर म्हणाले, "पाठक, तुम्हाला बोलता येत नाही. दोघांचा मिळून एक जर्मन होईल."

पहिल्या दिवशी तो शाळेत आला तेव्हा त्याच्या काखेत तीन पायांची बुटकी तिपाई होती. धार काढताना बसायची, म्हातारीकडं होती तशी, सागवानात स्वतः घडवलेली. स्टाफरूममध्ये तेरा शिक्षक आणि तेरा खुर्च्या होत्या. चौदावी आणायची असं सगळ्यांनी ठरवलं होतं, कुणी आणायची एवढंच ठरलं नव्हतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. खिडकीखाली तिपाई ठेवली आणि बसला. पुंजारामची ही सवय कायमची. जिथं जायचं तिथं आपलं लागणारं सामान आपल्याबरोबर. कुणाकडं काही मागायची वेळच येऊ द्यायची नाही. सहा महिन्यांनी चौदावी खुर्ची आली. तो म्हणाला, "राहू द्या. खुर्चीवर बसून दूध निंगत नाई."

वर्गातही तो तिपाईवरच बसे, पोरांच्या मधोमध. त्याचा नियम एकच: हात हलल्याशिवाय तोंड हलवायचं नाही. झाडू मारतो म्हणायचं तर झाडू हातात घेऊनच म्हणायचं. बटाटा सोलतो म्हणायचं तर बटाटा सोलायचा. त्याच्या तासाला आमचा वर्ग म्हणजे लग्नघर असायचं. कुणी पाणी ओततोय, कुणी जोडा शिवतोय, कुणी भिंत सारवतोय, आणि सगळं जर्मनमधून. दिग्रसपर्यंत आवाज जायचा म्हणतात. शेजारच्याच वर्गात मी चाळीस पोरांकडून विभक्ती म्हणवून घेत असे, रामरक्षेच्या चालीवर. माझी पोरं एक डोळा खिडकीतून पलीकडं लावून म्हणत, कारण पुढचा तास त्यांना पुंजारामचा असे. एकदा मी त्याला अडवलं.

"पुंजाराम, हे व्याकरणात बसत नाही."

"नाई बसत, सर?"

"नाही."

"मंग उभं राहू द्या. गाईले कोठी समजते व्याकरन? तिले हात समजते."

पोरं हसली. मी पण हसलो. त्या हसण्यानं माझे दोन दात दुखावले, ते पुढं काढावे लागले.

बरं, शाळेत शाळेचं. पण तो माझ्या घरातही शिरला. आमची एक गाय होती, कपिला नावाची. नाव कपिला आणि स्वभाव फौजदाराचा. आमच्या हिला तिनं तीनदा लाथाडलं होतं. ही म्हणाली, "तुमच्या त्या जर्मनवाल्याला बोलवा." मी सतरा कारणं सांगितली. हिनं परस्पर निरोप धाडला. पुंजाराम आला, तिपाई टेकवली, कपिलेच्या पोटाला कपाळ लावलं आणि हळू आवाजात जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटू लागला. कपिलेनं डोळे मिटले. दोन शेर देणारी गाय त्या दिवशी पाच शेर दूध देऊन गेली. हेही सगळे लोक थापच समजतात, पण भांडं मी स्वतः धरलं होतं. आमची ही त्याच्याकडं अशा काही नजरेनं बघत होती की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर माझ्याकडंही तिनं तसं पाहिलं नव्हतं.

त्याला चहा दिला. इथं मला जरा हळू सांगावं लागेल.

आमच्या मागच्या पडवीत एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप होता. तो कुणासाठी आहे हे आमच्या आईनं कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. चहा त्यातून आला. पुंजारामनं कप हातात घेतला, कान होता ती जागा अंगठ्यानं एकदा चाचपली, चहा प्यायला, कप विसळला आणि न विचारता बरोबर त्याच कोनाड्यात नेऊन ठेवला. त्याला कसं कळलं? माझं लक्ष नव्हतं; मी वर्तमानपत्र वाचत होतो. ते मी उलटं धरलं होतं, हे मागाहून लक्षात आलं.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा तिपाईबरोबर एक तामचिनीचा मग होता. निळा, कडा उडालेला, बुडाला कैद्याचा नंबर कोरलेला. "वयनी, यातच ओता. छावनीतला हाये. चहा थंडा नाई होत यात." ही गोरीमोरी झाली. मी वर्तमानपत्र सुलटं केलं. त्यानंतर तो मग त्याच्या सायकलच्या हँडलला कायमचा लटकला. लांबूनच त्याचा ठण्‌ ठण्‌ आवाज येई आणि मला कळे, आला माझा शनी.

आणि मग मुंबईच्या जर्मन कचेरीचं पत्र आलं. जर्मन शिकवणाऱ्या एका माणसाला सहा महिने जर्मनीला नेणार, जाण्यायेण्याच्या खर्चासकट. निवडायला एक जर्मन बाई प्रत्यक्ष शाळेत येऊन वर्ग पाहणार.

त्या पत्रानं माझी झोप उडाली. जर्मनी! एकदा का मी तिथं जाऊन आलो की पुंजाराम संपला. मग तो गोठ्यातला आणि मी विद्यापीठातला. पण बाईनं दोघांना शेजारी उभं केलं तर? यंत्राची ती पूजा अजून माझ्या कानात होती. तेव्हा मी एक युक्ती केली. आजवर ती मी कुणाला सांगितलेली नाही. बाई यायच्या दिवशी सकाळी मी पुंजारामला म्हटलं, "आपल्याकडं जर्मनीचा नकाशा नाही, शोभत नाही. महागावच्या शाळेत मोठा आहे. तेवढा घेऊन ये."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आजच पायजे, सर?"

"आजच."

"जातो मंग," म्हणाला, आणि हँडलचा मग ठणठणवत निघून गेला. महागाव जाऊन येऊन सायकलनं दिवस जाणार. मी हिशेब करूनच गाव निवडलं होतं.

बाई आली. चष्म्याची, हसरी. मी खूण केली आणि चाळीस पोरांनी विभक्ती म्हटली. छपरावरची कबुतरं उडाली. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि पहिल्या बाकावरच्या पोराला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. पोरगं माझ्याकडं पाहू लागलं. मी छताकडं. तिनं पुन्हा हळूहळू विचारलं, आणि तेव्हा त्या पोराचे हात हलले. ते आपोआप पुढं आले, मुठी खालीवर होऊ लागल्या, आणि त्याच्या तोंडून धडाधड जर्मन बाहेर पडलं: सकाळी उठतो, गाईची धार काढतो, पाणी आणतो. त्याच्या मागच्यानं झाडू उचलला. बघता बघता अख्खा वर्ग धारा काढत होता, बटाटे सोलत होता, जोडे शिवत होता, बोलत होता. बाई हसता हसता रडायला लागली. मला इंग्रजीत म्हणाली, "ही माझ्या आजीच्या गावाकडची बोली आहे. यांना कुणी शिकवलं?"

मी छातीवर हात ठेवला. "मी."

वर्ग चिडीचूप झाला. चाळीस पोरं माझ्याकडं बघत होती. त्या शांततेत बाहेर ठण्‌ ठण्‌ वाजलं.

महागावच्या वाटेवर त्याला कापसाचा ट्रक भेटला होता आणि ड्रायव्हरनं त्याला जातायेता सायकलसकट वर घेतलं होतं. खांद्यावर नकाशाची भली मोठी गुंडाळी घेऊन तो दारात उभा राहिला. बाईला पाहिलं आणि जर्मनमधून नमस्कार केला. संपलं. बाईनं त्याला तिथंच व्हरांड्यात धरलं. दहा मिनिटं ते बोलले. मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो, मधूनमधून हसत होतो, आणि मला एक अवाक्षर कळत नव्हतं. माझं आयुष्य माझ्यासमोर एका भाषेत ठरत होतं आणि त्या भाषेचा मी शिक्षक होतो! एकच शब्द ओळखीचा लागला: बैल. पुस्तकात चित्रासकट होता. म्हटलं, शेतीच्या गप्पा चाललेल्या दिसतात. एकदा बाईनं माझ्याकडं बोट केलं, पुंजारामनं मान हलवली.  तो सांगत असेल, मी त्याला महागावला का धाडलं होतं ते. पोरांनी सांगितलं नाही तरी तो सांगेल. मी असतो तर सांगितलं असतं.

महिन्याभरात पत्र आलं. निवड माझी झाली होती.

मी काय काय केलं विचारू नका. पेढे वाटले. अख्ख्या विदर्भातून पहिला आलो म्हणून सांगितलं; पुसदच्या स्टँडपर्यंत जाईस्तोवर अख्ख्या हिंदुस्थानातून पहिला आलो होतो. पुंजाराम निरोप द्यायला आला. "जाऊन या, सर. मी गेलतो तवा मांगं बंदूक होती. तुमी तिकिटानं चालले. मजा हाये." मग पिशवीतून पऱ्हाटीची एक वाळकी फांदी काढली, फुटलेल्या बोंडांसकट, फडक्यात गुंडाळलेली. "म्हातारीले द्या. तिले सांगतलं होतं का आमच्या इकडं कापूस झाडाले लागते. थे मने, कैदी झाला तरी इतकं खोटं बोलू नाई."

मुंबईला धक्क्यावर ती जर्मन बाई भेटली. मी तिच्यापुढंही जरा फुगलो. म्हटलं, "माझी निवड केलीत, माझ्या विद्वत्तेची कदर झाली." ती प्रामाणिक बाई होती, खरं सांगून मोकळी झाली. "मी आधी त्यांनाच विचारलं होतं. ते नाही म्हणाले. म्हणाले, मी जाऊन काय शिकू? माझ्याजवळ पदवी नाही; सरांच्या पदवीवर हा वर्ग चालतो आणि वर्गावर मी. त्यांना न्या. बैल चांगल्या जातीचा आहे, नुसता गोठ्यात बांधून राहिला आहे. एकदा बाजार फिरवून आणा, कामाला येईल."

बोट सुटली तेव्हा सगळे उतारू डेकवर रुमाल हलवत होते. मी खाली बंकवर पडलो होतो, बैलासारखा.

जर्मनीतले सहा महिने मी नाना रंगांत सांगितलेले आहेत, ते इथं नको. फक्त म्हातारीचं सांगतो. सुट्टीत आगगाडी, मग बस, मग पायी असं करत मी तिच्या खेड्यात पोचलो. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, गोठ्यात आता दोनच गाई. मुलगे परत आलेच नव्हते. मी पुंजारामचं नाव घेतलं. तिनं मला हाताला धरून आत नेलं. फडकं सोडलं, पऱ्हाटीची फांदी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं बोंडातला कापूस बोटांनी ओढून पाहिला, तो फांदीपासून सुटेना तेव्हा हसायला लागली, आणि मग हसणं थांबल्यावरही खांदे हलतच राहिले.

तिनं कॉफी ठेवली. फळीवरून कप काढले. फळीच्या टोकाला एक कप वेगळा ठेवला होता, पांढरा, निळ्या फुलांचा, कानासकट. बाकीच्या कपांवर धूळ होती, त्याच्यावर नव्हती. मला तोच हवासा वाटला. मी हात केला तर तिनं माझ्या हातावर हलकेच चापट मारली. सहा महिन्यांत तेवढं जर्मन मला कळू लागलं होतं.

"तो नाही. तो त्याचा आहे."

मी दुसऱ्या कपातून कॉफी प्यायलो. सात समुद्रांपलीकडं आलो तरी तिथंही तो माझ्याआधी पोचला होता. हेव्यानं मी अर्धा कप तसाच खाली ठेवला. आणि मग आमचा कोनाडा आठवला. आमच्याही घरात त्याचा कप वेगळाच ठेवलेला होता की! म्हातारीनं विचारलं, कॉफी कडू झाली का? मी नाही म्हटलं.

येताना मी शहरातून निळ्या फुलांचे सहा कप घेतले, एकसारखे. पुसदला पोचलो आणि त्या संध्याकाळी कोनाड्यातला तो कप उचलून मागच्या विहिरीत टाकला. आई माळ ओढत राहिली. दुसऱ्या दिवशी पुंजारामला घरी बोलावलं. बैठकीत खुर्चीवर बसवलं. हिनं ट्रेमधून कप आणले, सगळ्यांना सारखे. मी स्वतः उचलून त्याच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच त्याच्याशी घडघडून जर्मन बोललो. म्हातारीचं सांगितलं, गाईंचं सांगितलं, फळीवरच्या कपाचं सांगितलं.

तो ऐकत राहिला. कप हातात फिरवला, निळ्या फुलांवरून अंगठा नेला, कानावरून नेला.  मग म्हणाला, "दोन चुका केल्या सर तुमी. पन चांगलं बोलले. बैल बाजार पाहून आला."

आणि कप, भरलेला, जपून माझ्यापुढं ठेवला. पिशवीतून तामचिनीचा मग काढून हिच्यापुढं धरला.

"यात ओता, वयनी."

"अहो, पण हा कप तुमच्यासाठीच..." ही म्हणाली.

"माहा कप तिथं हाये ना," तो म्हणाला. रागानं नाही, हसूनच म्हणाला. "दोन-दोन ठिकानी कायले पायजे?"

फुर्र फुर्र करत त्यानं चहा प्यायला, कपिलेच्या पाठीवर थाप मारली आणि सायकल काढली. त्यानंतरही तो शाळेत पुष्कळ वर्षं होता, रोज भेटत होता. पण पुंजाराम म्हटलं की मला दिसतो तो त्या दिवशीचाच. मागच्या कॅरिअरला बांधलेली तिपाई, हँडलला लटकलेला मग, ठण्‌ ठण्‌ करत उतारावरून जाणारी ती काळी सडपातळ पाठ. मी दारात उभा होतो. हातात त्याच्यासाठी आणलेला कप होता, काठोकाठ भरलेला, आणि तो कुणी प्यायचा हे मला कळत नव्हतं.